अनुभव धागा : घरचा हिशोब खरा मांडला, तेव्हा काय निघालं?

पगारदारांचे बजेटचे सल्ले आपल्याकडं चालत नाहीत. उत्पन्नातले इतके टक्के घरखर्चाला, इतके बचतीला, हे ज्याच्या खात्यात एक तारखेला पैसे पडतात त्याला ठीक. ज्याच्या घरी पैसा दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग लागायच्या आत संपलेला असतो, त्यानं काय करायचं? म्हणून हा धागा. कर्जातून मोकळं झालेल्यांनीच लिहावं असं काही नाही. घरच्यांनी एकत्र बसून देणं-घेणं खरंखुरं मांडलं असेल तर त्यातून काय निघालं, काय बदललं, काय तसंच राहिलं, ते लिहा. बँकेचं, दुकानाचं, माणसाचं नाव नको. गावही नको, जिल्हा पुरे. वऱ्हाडीत लिहिलं तर अजून बरं.

यवतमाळ जिल्हा, सहा एकर कोरडवाहू

पोळा झाल्यावर आम्ही चौघं बसलो. मी, बायको, आई, बाबा. ठरवलं की ज्याच्यावर जे देणं आहे ते त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, दुसऱ्यानं मधात बोलायचं नाही. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं पीककर्ज १,२०,००० हे सगळ्यांना ठाऊक होतं. कृषी केंद्राची उधारी बाबा 'पंधरा-वीस असंल' म्हणायचे, दुकानातून खातं उतरवून आणलं तर ३८,०००. त्यात डीएपी खताच्या प्रत्येक पोत्यामागं आम्ही न मागितलेली एकेक बाटली लिहिलेली. लिंकिंग म्हणतात त्याला, सगळ्यांना माहीत आहे. बहिणीच्या लग्नातले ६०,००० गावातल्याच एकाचे, शेकडा तीननं. शेवटी बायको बोलली, बचत गटाचे २५,००० माझ्या नावावर आहेत, आईच्या ऑपरेशनला कमी पडले तेव्हा उचलले होते. आई म्हणाली, "मले सांगतलंही नाही."

मग प्रत्येक रकमेपुढं वर्षाचं व्याज लिहिलं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. सोसायटीचं वेळेवर भरलं तर शून्य. आणि आमच्या घरात धाक कोणाचा? सोसायटीचा, कारण तिची नोटीस येते. साठ हजारवाल्याची नोटीस येत नाही, तो चहा प्यायला येतो. त्याला जमेल तसे दोन-चार हजार दिले की ते व्याजातच जिरायचे, मुद्दल जिथल्या तिथं.

पण खरी मारामारी उत्पन्न लिहिताना झाली. बाबा म्हणे एकरी आठ क्विंटल कापूस धर. काट्याच्या जुन्या पावत्या काढल्या तर एका वर्षी साडेसहा, बाकी चार-पाच. भाव म्हणे हमीभावाचा धर, ७,५२१ (२०२४ च्या हंगामाचा). तो लांब धाग्याचा, अन् सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, बारा टक्क्यांच्या वर ओल असली की घेत नाही. आमचा दिवाळीआधीचा कापूस गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला जातो, कारण वेचणीवाल्या बायांचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे असतात. म्हणून साडेचार क्विंटल आणि ६,५०० धरले. चार एकर कपाशीचे १,१७,००० झाले. बाबांच्या हिशोबानं दोन लाख चाळीस हजार होत होते, आणि इतकी वर्षं कर्ज आम्ही त्या आकड्याच्या भरवशावर काढत होतो.

बायकोची पोत बँकेत तारण ठेवून त्या माणसाचे एकरकमी फेडले. सोनेतारणाचं व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, छत्तीसच्या मानानं काहीच नाही. गावात चर्चा झाली, होऊ द्या. पोत अजून सुटायची आहे.

वर्धा जिल्हा, रोजमजुरी

मला वावर नाही, म्हणून सोसायटी नाही. आमच्या वस्तीत बायांच्या गटाला छोटं कर्ज देणाऱ्या तीन कंपन्यांच्या मॅडम यायच्या. एक मंगळवारी, एक गुरुवारी, तिसरी पंधरा दिवसांनी. सकाळी सातला कोणाच्या तरी ओट्यावर बसायचं. एकीजवळ हप्ता नसला तर बाकीच्यांनी भरायचा, तोवर कोणी उठायचं नाही. कामावरची गाडी निघून जाते, पण उठायचं नाही. सगळ्या म्हणायच्या, हप्ता लहानच तर आहे. ५६०, ६२० आणि तिसरीचा ११५०. पोरीच्या जुन्या वहीत महिन्याचे हप्ते एकाखाली एक लिहिले तर ७,०२० झाले. माझी रोजी अडीचशे, तीही रोज नाही. नवऱ्याची धरून घरात दहा हजार येतात, तेही काम असलं तर.

धाकटा भाऊ शहरात असतो. त्यानं सांगितलं की २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अशा घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायला नको. मग आमचे कसे गेले? फॉर्मची झेरॉक्स पोरीकडून वाचून घेतली. घराची कमाई लिहिली होती महिना १८,०००. एवढं कमावणारं आमच्या घरात कोण आहे, ते मलाही बघायचं आहे.

वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. आमच्या वहीत तरी दारूचं पान आहे. नवऱ्यानं सांगितलेला आकडा लिहिला आणि त्याच्या बाजूला माझा आकडा लिहिला. दोन्ही तसेच ठेवले, खोडाखोड केली नाही. आता तो स्वतःच कधीमधी वही उघडून बघतो.

आम्ही एकच ठरवलं, नवीन उचलायचं नाही. हे सोपं नसतं बरं का. जुनं संपत आलं की "ताई, तुमची लिमिट वाढली" म्हणून मॅडमच मागं लागते, आणि आपण एकीचं घेऊन दुसरीचं भरत राहतो. दोन बकऱ्या विकल्या. सोयाबीनच्या सोंगणीत रोजी वाढते, तेव्हा गुरुवारवालीचं आगाऊ भरून मोकळी झाले. आगाऊ भरलं तर दंड घेता येत नाही, हेही त्या नियमातच आहे. तिनं आधी 'हेड ऑफिसला विचारावं लागेल' केलं होतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार मी हिशोबात कमाईच्या बाजूला लिहितच नाही. आले की पंधरा दिवसांवालीच्या हप्त्यात टाकते.

चंद्रपूर जिल्हा

खर्रा (तंबाखू-सुपारीचा) कोणी लिहिला का? मी लिहितो. दिवसाले चार, तीस रुपयाले एक. वर्षाचे ४३,८००. पोट्टं बारावीत आहे, त्यानं मांडून दाखवलं का बाबा, हमीभावानं हा जवळपास सहा क्विंटल कापूस झाला. मी म्हटलं, तुह्या मोबाईलचा रिचार्ज बी लिही मंग. लिहिला. खर्र्याच्या पासंगालेही पुरला नाही. आता दोनवर आलो. सुटला म्हणत नाही.

*(याला उत्तर, भंडाऱ्याहून)* पानठेल्यावरची उधारी लिहिली का भाऊ? आमच्याकडं किराण्यापेक्षा तीच मोठी निघाली.

बुलडाणा जिल्हा, थोरली सून

आमच्याकडं मामाजी, म्हणजे माझे सासरे, वहीला तयारच नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचे. दीर म्हणाला, उघडली तर साडेचार लाखांच्या देण्याची आहे. त्यावरून दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

मग नणंदेची सोयरीक जुळली आणि विषय टाळता येईना. मामाजींनी लग्नाला दोन लाख धरले होते. मी आधीच्या दोन लग्नांची बिलं ट्रंकेतून काढली. मांडव, केटरर, बॅण्ड, फोटो, सोनं आणि लुगडी-टोप्यांचे आहेर. दोन्ही लग्नं धरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट गेली होती. आहेरावर मात्र माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. कोणी किती केलं याची वही आपण जपून ठेवतो आणि तेवढं परत करायला बांधलेले असतो, मग ती उधारीचीच वही झाली की नाही? देण्यांच्या यादीत तीही धरा. आमची धरली तर येत्या लग्नसराईत सतरा घरी जायचं निघालं.

मुलाकडचे समजूतदार निघाले. साक्षगंधातच (साखरपुड्यातच) लग्न लावून टाकलं. आपल्याकडं आता अशी बरीच होतात, पण मामाजींना ते कमीपणाचं वाटलं, अजूनही वाटतं. परतीच्या गाडीत एका शब्दानं बोलले नाहीत. जून महिन्यात बियाण्याला पहिल्यांदा रोखीनं पैसे दिले तेव्हा दुकानात तेच गेले होते. दुकानदारानं उधारीच्या भावापेक्षा थैलीमागं कमी लावले, हे घरी येऊन दोनदा सांगितलं.

अकोला जिल्हा, सोयाबीन

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण हिशोब लिहून भाव वाढत नाही. सोयाबीनचं बियाणं, खत, फवारण्या, निंदण, सोंगणी, मळणी धरून मला एकरी साडेअठरा हजार लागतात. पाच क्विंटल पिकलं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार समितीत मला चार हजारांच्या आसपास मिळाला. म्हणजे २०,०००. राहिले दीड हजार, आणि त्यात माझी अन् बायकोची मजुरी धरलेलीच नाही. यात काटकसर कुठं करायची? चहात साखर कमी टाकून?

एक मात्र खरं. स्वतःच्या चार एकरांशिवाय आठ एकर मी मक्त्यानं करत होतो, एकरी बारा हजार देऊन. जास्त वावर म्हणजे जास्त पैसा, असं डोक्यात. लिहून काढलं तर त्या प्रत्येक एकरामागं साडेदहा हजार घरातून जात होते. मक्ता सोडला. ट्रॅक्टरवाल्याचं देणं दोन हंगामांत निम्म्यावर आलं. बाकी भावाचं दुखणं आहे तिथंच आहे, त्याला वही काय करणार.

अमरावती जिल्हा

आमच्या यादीत एक रक्कम अशी होती की ती कर्ज आहे हेच कागदावर नव्हतं. वडिलांनी दीड लाखासाठी दोन एकराचं खरेदीखत करून दिलं होतं. तोंडी बोली अशी की पैसे दिले की वावर परत. पैसे दिले, वावर आलं नाही. असे व्यवहार आमच्या भागात घरोघर आहेत आणि लोक लाजेनं गप्प बसतात.

२०१४ चा सावकारी कायदा वाचा. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. शेकडा तीन-पाच-दहा घेणारे यात कुठंच बसत नाहीत. आणि सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, अर्जाच्या तारखेआधीच्या १५ वर्षांतला व्यवहार असेल तर. तालुक्याला सहायक निबंधकाच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. आमचा अर्ज चालू आहे, निकाल लागलेला नाही. पैसे दिल्याच्या चिठ्ठ्या वडिलांनी गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या म्हणून बाजू तरी मांडता येते आहे.

वाशिम जिल्हा, सोसायटीत गटसचिव होतो

वरच्या यवतमाळवाल्या भावांनी 'वेळेवर भरलं तर शून्य' लिहिलं ते बरोबर आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीच्या आत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत आणि केंद्राची सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पण भरतात कसं ते सांगतो, कारण हे कोणाच्याच वहीत नसतं. मार्चएन्डला गावातल्या कोणाकडून सव्वा लाख आणायचे, भरायचे, नवं कर्ज उचलायचं आणि त्याचे त्याला परत करायचे. नवं-जुनं. पैसे वापरले आठ-दहा दिवस, व्याज घेतो पूर्ण महिन्याचं. शेकडा तीननं ३,७५० झाले. शून्य टक्क्याचं कर्ज ३,७५० ला पडलं, आणि घरी कोणाला विचारलं तर सांगतात, सोसायटीचं काही व्याज नाही. हा खर्च एप्रिलच्या पानावर लिहा. कपाशी विकली तेव्हाच थोडे थोडे खात्यात भरत गेलात तर मार्चमध्ये कमी उसने आणावे लागतात.

दुसरं, कर्जमाफीच्या भरवशावर न भरणारे. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत, आणि नियमित भरणाऱ्यांना ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं. ज्यांना मिळाली त्यांना मिळाली, मी नाही म्हणत नाही. पण वाट पाहण्याच्या मधल्या वर्षांत थकबाकीदाराला सोसायटी दारात उभं करत नाही, आणि बियाणं तर आणावंच लागतं. ते कुठून आणलं ते तुम्हाला माहीत आहे. तो आकडाही लिहा.

गोंदिया जिल्हा, धान

आमचं थोडक्यात. धानाचे चुकारे आले की आधी कणगीत वर्षाचं धान आणि मग बारा पाकिटं. आषाढ-श्रावणाचं पाकीट सर्वांत जाड, कारण तेव्हा रोवणीची मजुरी, पोरांच्या शाळा आणि दवाखाना एकाच वेळी येतात. तेंदूपत्त्याचे पैसे उन्हाळ्यात येतात, ते त्यातच. पाकिटं सासूकडं. तिच्याकडून मागायला नवऱ्याला लाज वाटते, बस.

यवतमाळ जिल्हा, सालदार

मालक लोकांचं झालं असंल तं माह्यंही घ्या. आमचं कर्ज बँकेत नसते, मालकाच्या वहीत असते. पाडव्याले साल ठरते, मंग वर्षभर उचल. पोरगी बिमार पडली, पाच हजार. पोळ्याले कपडे, तीन हजार. मालक वहीत लिहितो अन् आपण हो म्हणतो. साल फिटता फिटता नवं साल लागते. मी मागच्या साली आपली वही केली. पैसे घेतले का त्याच रोजी पोरीच्या हातानं लिहायचं, तारीख टाकून, अन् मालकाची सही घ्यायची. पहिल्या डाव त्याले राग आला. यंदा पाडव्याले दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तं चार हजाराचा फरक निघाला. त्याची जास्त दाखवत होती. माह्या वहीत त्याच्या सह्या होत्या, तं त्यानं चार हजार सोडले. बावीस हजार अजून अंगावर हायेत अन् नवं साल लागलंच. मालक म्हणे, "हे कोणं शिकवलं तुले?" म्हटलं, पोरगी सातवीत हाये.