टेक्सचरला एचईसी की एचपीएमसी?
भिंतीवरच्या टेक्सचर रंगाला घट्टपणा आणायला एचईसी (हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज) किंवा एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज) ही पावडर घालतात. काही जण म्हणतात की एचपीएमसी पुट्टीत चालतं, मग टेक्सचरमध्येही चालेल. पण नागपुरात पारा ४५ वर गेला की पश्चिमेच्या भिंतीला हात टेकवत नाही, आणि एचपीएमसीचे काही ग्रेड ६० अंशांच्या आसपासच जेल होऊन पाणी सोडतात. बादलीतल्या तयार टेक्सचरला मी एचईसीच घेतो, तेही जंतूंच्या एन्झाइमला (सेल्युलोज तोडणाऱ्या रसायनाला) दाद न देणारा ग्रेड. गेल्या मे महिन्यात साधा घेतला. झाकण उघडलं तर माल ताकासारखा पातळ, वर आंबूस वास!

आणि हो, एचईसीची पावडर आधी साध्या पाण्यात नीट सुटी होऊ द्या, ती फुलवणारा अमोनिया नंतर. उलटं केलंत तर गुठळ्या गाळत बसाल. माल ओघळतोय म्हणून एचईसीचा डोस वाढवत सुटू नका, पावसात थर मऊ पडतो.