खारवलेल्या शेंगा : जमलेल्या, फसलेल्या, सगळ्या चालतील

घेवड्याचा वेल लागला की पहिले आठ दिवस कौतुकाचे. नंतर रोज परडीभर शेंगा. फ्रीझर भरला, आणि परडी दिसली की शेजारी फोनवर बोलायला लागतात. यंदा मिठात घालून बघायच्या आहेत. ज्यांनी घातल्यात त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर बरं.

*

फसलेलं माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी 2 किलो शेंगांना 200 ग्रॅम मीठ घातलं. त्याहून जास्त घालायला हातच धजेना. तीन आठवड्यांनी बरणी उघडली तर शेंगा बुळबुळीत, बोटांना तार येतेय आणि वास सांगण्यासारखा नाही. बरणीसकट टाकावंसं वाटलं.

आता डोळे मिटून तीनास एक. 3 किलो शेंगांना 1 किलो खडेमीठ, तेही आयोडीन नसलेलं. बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही मिसळलेलं असतं, त्याने खार गढूळ होतो. शेंगा कोवळ्याच हव्यात, आत दाणा हाताला लागला की ती शेंग बरणीत नको. धुऊन फडक्यावर अगदी कोरड्या करते, शिरा काढून तिरक्या चिरते. तळाला मीठ, मग शेंगा, मग मीठ, असे थर मुठीने दडपत जायचे. शेवटचा थर मिठाचाच. तीन-चार दिवसांत शेंगा खाली बसतात आणि बरणी अर्धी रिकामी दिसते. घाबरू नका. मिठाने शेंगांतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. वर नवीन शेंगा आणि मीठ त्याच मापाने भरा. सुटलेला खार मात्र ओतून देऊ नका, सगळी राखण त्याचीच आहे.

*

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. मी पत्र्याच्या झाकणाची वापरली होती. दोन महिन्यांत झाकण गंजलं आणि वरचा थर तांबूस. आता प्लॅस्टिकचं झाकण.

*

मी उलट टोकाचा माणूस. एवढं मीठ मला चालत नाही (रक्तदाब), म्हणून आंबवतो. चिरलेल्या शेंगांच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के मीठ, म्हणजे किलोला 25-30 ग्रॅम, चोळून पाणी सुटेपर्यंत. शेंगा पाण्याखालीच राहायला हव्यात, वर काचेचं वजन ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, झाकण सैल ठेवा नाहीतर ओटा धुवावा लागेल. आंबट झाल्या की फ्रीजमध्ये.

वरच्या ताईंचं 10 टक्क्यांचं गणित फसलं कारण ते धड ना इकडचं ना तिकडचं. आंबवणाऱ्या जिवाणूंना ते जड जातं आणि टिकायला पुरत नाही. आणि एक, कमी मिठाच्या न आंबलेल्या शेंगा हवाबंद करून बाहेर ठेवू नका. शेंगांत स्वतःचा आंबटपणा नसतो. बोटुलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जंतू हवा नसलेल्या ठिकाणीच वाढतो आणि त्याच्या विषाला वासही नसतो.

*

घालण्यापेक्षा काढताना माझी फजिती झाली. खारटपणा जावा म्हणून रात्रभर भिजवल्या. सकाळी रबर! आता नळाखाली दोन-तीनदा धुते, कोमट पाण्यात फार तर दोन तास ठेवते आणि मीठ न घालता भरपूर पाण्यात शिजवते. रंग ताज्यासारखा राहत नाही, हे आधीच सांगते. चव चांगली, पण सवय लागते.

*

शिजवण्यावरून आठवलं. आमच्याकडे एकाने बरणीतल्या कच्च्याच चघळल्या, ‘मिठाने शिजल्यात की’ म्हणून. मिठाने शिजत नाहीत. घेवड्यात पोट बिघडवणारा लेक्टिन असतो, तो खळखळत्या पाण्यानेच जातो. दहा मिनिटं तरी उकळा. आंबवलेल्यांनाही हेच.

*

सगळ्यांचे आभार. दहा टक्क्यांची चूक मीही नक्की केली असती, कारण मीठ काढून ठेवलं होतं तेवढंच. आज सकाळी 1 किलो 200 ग्रॅम शेंगा निघाल्या. काट्यावर 400 ग्रॅम मीठ ओतताना दोनदा थांबले, पण ओतलं.