मदत हवी आहे: अ‍ॅनोडायझिंगच्या रेक्टिफायरमधून एसी काढता येईल का?

अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा थर चढवणं) झाल्यावर टिन सल्फेटच्या टाकीत रंग चढवायचा आहे आणि त्यासाठी एसी लागतो. आमच्याकडे २४ व्होल्ट, १००० अँपिअरचा थ्री-फेज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं यंत्र) पडून आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला थायरिस्टरच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) उलट-सुलट जोड्या, सेकंडरी डबल स्टार (तीन-तीन वाइंडिंगचे दोन संच), मध्ये इंटरफेज रिअ‍ॅक्टर (दोन्ही संचांत करंट सारखा वाटणारी कॉइल), आणि सहा डायोड पाण्याने थंड होणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसवलेले.

डायोड काढून एका फेजची वाइंडिंग आणि तिचा न्यूट्रल यांतून सरळ एसी घ्यावा, असा विचार आहे. पण हिशेब केला तेव्हा धसका बसला. डबल स्टारमध्ये प्रत्येक स्टार ५०० अँपिअर देतो, तोही प्रत्येक वाइंडिंगमधून एक-तृतीयांश वेळच. म्हणजे वाइंडिंगचा आरएमएस करंट (तापण्याच्या हिशेबाने धरायचा करंट) साधारण २८९ अँपिअर! १००० ची आशा सोडूनच दिली आहे.

खरी भीती वेगळीच आहे. जोडीतला एक थायरिस्टर फायर (चालू) झालाच नाही तर प्रायमरीत डीसी शिरून कोअर सॅच्युरेट होईल (चुंबकीयदृष्ट्या भरून जाईल) ना? त्यावर संरक्षण काय लावावं? आणि एकाच फेजवर लोड आला तर थायरिस्टर चालू करणारं जुनं फायरिंग कार्ड नीट चालेल का?

शंटवरचा (करंट मोजायच्या पट्टीवरचा) डीसी अ‍ॅमीटर एसीला शून्यच दाखवणार, तिथे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लावतो. जाता-येता दोन्ही बसबार लोखंडी पत्र्याच्या एकाच भोकातून नेणार आहे, नाहीतर पत्रा तापतो.

असा बदल प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा: हा ट्रान्सफॉर्मर वापरावा, की सिंगल-फेज नवीनच गुंडाळून घ्यावा?