भूगोलाची पदवी: आधी कम्युनिटी कॉलेज की थेट विद्यापीठ?

पाणलोट (सॅन होजे)

मुलगी बारावीत आहे आणि तिला भूगोलच शिकायचा आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात थेट पहिल्या वर्षाला जायचं. तिथली ॲडमिशन हातात आहे. दुसरी, घरी राहून क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्वस्त सरकारी कॉलेजात, दोन वर्षं काढायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) सांता बार्बरा, लॉस एंजेलिस (यूसीएलए) नाहीतर बर्कली कॅम्पसला ट्रान्सफर घ्यायची. मी दुसऱ्या वाटेच्या बाजूची आहे. इथे मांडतेय कारण मराठी मंडळात विषय काढला की लोक "काय झालं? मार्क कमी पडले का?" असं हळू आवाजात विचारतात, आणि त्याचा मुलीला त्रास होतो.

पैशाचं आधी सांगते. डी अँझाची फी राज्यातल्या विद्यार्थ्याला क्वार्टर (तिमाही सत्र) युनिटमागे ३१ डॉलर आहे. ट्रान्सफरला लागतात ९० युनिट, म्हणजे दोन वर्षांचे २,७९० डॉलर आणि वरची किरकोळ फी. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना अनेक कॉलेजांत युनिटची फीही माफ होते. यूसीची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. राज्याबाहेर तर बोलायलाच नको.

पण मला पैशापेक्षा विषयाचं बोलायचं आहे. इथल्या शाळांत भूगोल म्हणजे फार तर नववीत एपी (कॉलेजच्या पातळीचा) ह्यूमन जिऑग्रफीचा कोर्स. फिजिकल जिऑग्रफीची लॅब मुलांनी पाहिलेलीच नसते. मग कुठला भूगोल आवडतो, नद्या-हवामानाचा, शहरांचा की नकाशे आणि जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र), हे अठराव्या वर्षी कसं कळणार? ते कमी खर्चात, लहान वर्गात, स्वतः प्राध्यापकाकडून शिकत ठरवावं. १९६० च्या उच्चशिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाने ही वाट मुद्दाम आखून ठेवली आहे. ती मागच्या दाराची आहे असं मानणं मला पटत नाही.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्तच सांगा.

राजाभाऊ_फ्रीमाँट

ताई, विरोधीच आहे. मनापासून लिहितोय, राग मानू नका.

कागदावर ही वाट सुंदर दिसते. प्रत्यक्षात तिच्यावरून पलीकडे पोचतात किती? राज्याच्या ऑडिटरने २०२४ मध्ये अहवाल दिला: ट्रान्सफर घ्यायचीच असं ठरवून २०१७ ते २०१९ मध्ये कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत ट्रान्सफर झाले ते पाचात एक. बाकीचे चार कुठे गेले? नोकरीत अडकले, गणितात अडकले, चुकीचे कोर्स घेऊन बसले. तुमच्या मुलीसारख्याच कुणाच्या तरी मुली होत्या त्या.

आणि "दोन वर्षं" म्हणताय ती खरी दोन नाहीत. यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा, सांता बार्बराच्या हमी योजनेचा (अटी पुऱ्या केल्या की ट्रान्सफर नक्की) त्याआधी सप्टेंबरमध्ये. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होतं न होतं तोच अर्ज गेलेला असतो. तिचं मोजमाप मुख्यतः पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर होणार, आणि त्याच वर्षात तुम्ही म्हणता तसं विषयही चाचपून बघायचा? दोन्ही एकदम जमत नाही. हातात ॲडमिशन आहे ती सोडू नका.

काठावरचा

मी याच वाटेने गेलो, म्हणून लिहितो.

राजाभाऊंचा पाचात एक हा आकडा खरा आहे, पण तो ११६ कॉलेजांतल्या सगळ्यांचा आहे. त्यात दिवसभर काम करून संध्याकाळी एखादाच कोर्स घेणारे आहेत, पोरंबाळं सांभाळणारे आहेत. घरचा आधार असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. माझ्या वर्गात जे मागे राहिले ते अभ्यासात कमी नव्हते. त्यांना वेळ नव्हता.

विषय चाचपण्याबद्दल मात्र मी पाणलोट यांच्या बाजूचा. आमच्या फिजिकल जिऑग्रफीच्या लॅबमध्ये सरांनी १:२४,००० चा क्युपर्टिनोचा टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) हातात दिला आणि स्टीव्हन्स क्रीक पेन्सिलने गिरवायला सांगितली. रोज ज्या रस्त्याने कॉलेजला यायचो त्याला याच ओढ्याचं नाव आहे, पण ओढा कुठून येतो ते कधी पाहिलं नव्हतं. माँटे बेलोच्या डोंगरात उगम. बाजूलाच खाडीकडे उतार असताना तो आग्नेयेला जातो, पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ, आणि मग अचानक वळून खाली येतो. "पाणी इतकं सरळ का जातंय?" एवढंच सर विचारत राहिले. कुणी म्हणालं कठीण खडक, कुणी म्हणालं माणसाने वळवला असेल. ती सरळ रेघ सॅन अँड्रियास भ्रंशाची, म्हणजे दोन भूपट्टांमधल्या भेगेची आहे हे वर्गाने स्वतः काढलं. पुढच्या शनिवारी आम्ही लॉस ट्रँकोस नावाच्या राखीव डोंगराळ जागेत गेलो. तिथे भ्रंशाच्या रेषेवर खांब रोवलेत, आणि १९०६ च्या भूकंपात कुंपण कसं तुटून बाजूला सरकलं ते पुन्हा उभारून दाखवलंय. एक पाय पॅसिफिक प्लेटवर, एक उत्तर अमेरिकन प्लेटवर ठेवून उभा राहिलो तेव्हा मेजर (पदवीचा मुख्य विषय) ठरलं. तोवर मी कॉम्प्युटर सायन्सच्या यादीत होतो.

नियोजनाचं: अ‍ॅसिस्ट नावाची सरकारी साइट आहे, तिच्यावर आपल्या कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते दिलेलं असतं. पहिल्या दिवसापासून ती उघडी ठेवा. काउन्सेलर चांगले असतात, पण त्यांच्याकडे विद्यार्थी ढीगभर.

मोजणीदार

मी विरोधात, पण राजाभाऊंच्या कारणाने नाही. माझं म्हणणं भूगोलापुरतंच आहे.

जीआयएसचंच बघा. यूसीएलएमध्ये जीआयएसची ओळख खालच्या वर्गातला कोर्स आहे, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजचा कोर्स त्याच्या जागी चालू शकतो. सांता बार्बराला मुख्य जीआयएस वरच्या वर्षांत शिकवतात. तिथे गेलात की ते नव्याने करायचं. कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स राहून गेलं असेल तर तेही तिसऱ्या वर्षात घुसतं. बर्कली सेमिस्टरवर चालतं, डी अँझा क्वार्टरवर. तीन क्वार्टरची मालिका अर्धी सोडून गेलं की घोळ होतो.

त्याहून मोठी गोष्ट माणसांची. सांता बार्बराच्या विभागाचं नाव का आहे? १९८८ मध्ये भौगोलिक माहितीच्या विश्लेषणाचं राष्ट्रीय केंद्र तिथे आलं, संशोधन करणारी माणसं तिथे जमली. बर्कलीची परंपरा कार्ल सॉअर १९२३ मध्ये आले तेव्हापासूनची, शेतात-रानात उतरून शिकण्याची. अशा ठिकाणी पहिल्या वर्षापासून असलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी प्रकल्पावर मोजमापं घेत असतो. ट्रान्सफर होऊन आलेल्याला प्राध्यापकांची नावं पाठ होईपर्यंत ऑनर्स थीसिसची वेळ येते. पुढे मास्टर्स, पीएचडी करायचं तर शिफारसपत्रं कोण देणार? सहा महिन्यांची ओळख असलेला माणूस काय लिहिणार?

काठावरचा

@मोजणीदार, शिफारसपत्रांचा मुद्दा मान्य. मला तो जाचला. पण कम्युनिटी कॉलेजच्या सरांनी माझ्याबद्दल जेवढं लिहिलं तेवढं तीनशेच्या लेक्चर हॉलमधल्या प्राध्यापकाने दुसऱ्या वर्षी लिहिलं असतं का? पहिली दोन वर्षं मोठ्या विद्यापीठातही ओळख आपोआप होत नाही. तिथे लहान गटांचे तास टीए, म्हणजे पुढचं शिकणारे विद्यार्थी घेतात.

मुळामुठा (पुणे)

माझा प्रश्न वेगळा आहे. मुळात भूगोल कशाला? आपल्याकडे दहावीला ४० मार्कांचा पेपर, पुढे बी.ए., बी.एड., नाहीतर स्पर्धा परीक्षेचा वैकल्पिक विषय. माझ्या बहिणीची मुलगी तिकडेच शिकते, तिलाही हेच खूळ लागलंय. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून हा विषय? मावशी म्हणून काळजी वाटते.

मोजणीदार

मुळामुठाताई, इथे मी पाणलोट यांच्या बाजूने उभा राहीन. "जिऑग्रफर" या हुद्द्याच्या नोकऱ्या अमेरिकाभर दीड हजाराच्या आसपासच आहेत, हे खरं. पण भूगोल शिकलेला माणूस त्या हुद्द्यावर बसतच नाही. वणव्यात कुठली वस्ती आधी हलवायची, भूजल कुठे किती उपसलं गेलं, बसमार्ग कुठून न्यायचा, पुराच्या विम्याची रेषा कुठे आखायची, या सगळ्या कामांत तो असतो. जीआयएसचं सॉफ्टवेअर बनवणारी एझ्री ही कंपनी १९६९ पासून याच राज्यात, रेडलँड्सला आहे. आणि भाचीचा व्हिसा विद्यार्थ्याचा असेल तर एक बघा: "जिऑग्रफी अँड एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज" हे क्षेत्र २०२२ मध्ये स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) सरकारी यादीत आलंय. पदवीवर नेमका कुठला कोड छापतात ते विद्यापीठाला आधी विचारा, शिक्षणानंतरच्या कामाची मुदत त्यावर ठरते. पण तिला कम्युनिटी कॉलेजातही राज्याबाहेरची, कितीतरी पट फी पडेल. तिच्या बाबतीत स्वस्ताचा मुद्दा बराच पातळ होतो.

वाळूची_टेकडी

सगळे यूसी यूसी करताहेत. कॅल स्टेटकडे (सीएसयू, राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठ-साखळी) कुणी बघतच नाही! भूगोलात ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री आहे, २०१० च्या कायद्याने आलेली. ती घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी तिसऱ्या वर्षाला जागा नक्की, आणि पुढे ६० युनिटांत पदवी. सॅन डिएगो स्टेट, नॉर्थरिज, लाँग बीच इथले भूगोल विभाग कामाचे आहेत. माझा नवरा काउंटीच्या पाणी खात्यात आहे. त्याच्या टीममध्ये कुठल्या विद्यापीठाची पदवी हे विचारत नाहीत, नकाशा करून दाखवायला सांगतात.

राजाभाऊ_फ्रीमाँट

कॅल स्टेटला माझा विरोध नाही. पण "कुठेतरी" या शब्दाकडे लक्ष द्या. हमी सिस्टिमची आहे, हव्या त्या कॅम्पसची नाही. यूसीतही तेच. बर्कली आणि यूसीएलए ट्रान्सफरची हमी देतच नाहीत. म्हणजे भूगोलासाठी धरून चालायला उरतं सांता बार्बरा. एका कॅम्पसवर मुलीची चार वर्षं लावायची?

पाणलोट (सॅन होजे)

सगळ्यांचं वाचलं, मुलीलाही वाचायला दिलं.

राजाभाऊ, एका कॅम्पसवर लावायची नाहीत. सांता बार्बराची हमी, सोबत यूसीएलए आणि बर्कलीला अर्ज, आणि खाली कॅल स्टेट, असं तिन्ही धरून चालायचं. थेट ॲडमिशनमध्ये तरी काय हमी आहे? दुसऱ्या राज्यात कर्ज काढून गेली आणि वर्षभराने विषय बदलावासा वाटला तर परत फिरणं किती महाग पडेल? नावाचं म्हणाल तर हार्वर्डने १९४८ मध्येच भूगोलाचा विभाग बंद केला. नाव बघून निघालं तर हा विषयच हातातून जातो.

मोजणीदार, तुमचा माणसांचा मुद्दा मला लागला. मुलगी म्हणते, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्याच वर्षी संपवते, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा पहिला क्वार्टर मोकळा राहील आणि आल्या आल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये जाता येईल. हे जमतं का, की माझीच आशा?

मोजणीदार

जमतं, पण वाट बघत बसली तर नाही. ॲडमिशन एप्रिलच्या शेवटापर्यंत कळते. मे महिन्यातच दोन-तीन प्राध्यापकांना मेल लिहायला सांगा: त्यांचा एखादा पेपर वाचून, स्वतः केलेला एखादा नकाशा जोडून. स्टीव्हन्स क्रीकचासुद्धा चालेल. माझं मत अजून थेट प्रवेशाचंच आहे, ते बदललेलं नाही. पण जायचंच ठरलं तर डी अँझाला पहिल्या क्वार्टरलाच फिजिकल जिऑग्रफी लॅबसकट घेऊ दे. लॅबच्या जागा लवकर भरतात.