मदत हवी आहे: डायटम टेस्टच्या ब्लँकमध्येच डायटम दिसायलेत

फॉरेन्सिकला पीजी करायलोय, मराठवाड्यातच. विहिरीत सापडलेल्या बॉडीची डायटम टेस्ट (माणूस बुडूनच मेला का हे बघायला शरीरात डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, शोधतात ती) लावलीय, फीमरचा (मांडीच्या हाडाचा) बोन मॅरो काढून कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिडमध्ये डायजेस्ट केला, सेंट्रीफ्यूज करून स्लाइड बनवली. मॅरोत नॅव्हिक्युलासारखे (डायटमचा एक प्रकार) 4-5 दिसले म्हणून खूश झालो, पण मॅरो न घालता नुसतं ॲसिड अन् डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक लावलं तर त्यातबी 2-3 निघाले! आता कशावर विश्वास ठेवावा.

ॲसिडची बाटली बदलली, काचसामान तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं, फरक नाही. शंका डिस्टिल्ड वॉटरवरच आहे, कॅन कधीचा उघडा पडलाय देव जाणे. विहिरीच्या पाण्याचं सॅम्पल घेतलंय, त्यात तीच जात आहे पण एकूण डायटम कमीच. बॉडी ताजी होती, हाड फ्रॅक्चर नव्हतं, बाहेरून धुऊनच कापलंय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप अन् डीएनएची सोय नाही, साधा लाइट मायक्रोस्कोप. दुसरा फीमर शिल्लक आहे, पण एकदाच चान्स, वाया घालवायचा नाही.

तर डायटम नेमके पाण्यातून, ट्यूबमधून का स्लाइडवरून येतात हे एकेक करून कसं शोधायचं, अन् ब्लँक असं असताना पहिल्या मॅरोचा रिझल्ट रिपोर्टात धरायचा का सरळ बाद करायचा?