संयत मांडणीचे मराठी चित्रपट सुचवावेत

नुकतेच आम्ही घरी चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) हे चित्रपट पाहिले. ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय संगीत शिकणारा नायक शरद रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून मोटारसायकल चालवताना माई या थोर गायिकेचे ध्वनिमुद्रित बोल ऐकत जातो, ती दृश्ये मला फार भावली. माईंना चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी आवाज दिला आहे, हे कळल्यावर तर ती पुन्हा पाहिली. ‘कोर्ट’मधील सरकारी वकील बाई खटला आटोपून लोकलने घरी येतात आणि स्वयंपाकाला लागतात, हे आईला अगदी खरे वाटले. वडिलांना मात्र दोन्ही चित्रपट रेंगाळलेले वाटले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मांडणी अशीच संयत असूनही कथा जरा वेग धरते, असे मराठी चित्रपट जाणकारांनी कृपया सुचवावेत, आणि ते घरी कोठे पाहता येतील तेही सांगावे.