वर्डमधली मॅन्युअल्स गिटमध्ये ठेवावीत का?

मचवा_रत्नागिरी
मिरकरवाड्याजवळ मासेमारी बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. गिअरबॉक्स उघडायची पद्धत, बोल्टांचे टॉर्क (किती जोराने आवळायचे ते आकडे), सुट्या भागांच्या याद्या, सगळं वर्डमध्ये. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या की सगळेच फायलींत हात घालतात. मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल दादांची’. पुतण्या म्हणतो गिट घ्या, फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्यात प्रोग्रॅमर कोणी नाही. जमेल?

हापूस_देवगड
गूगल डॉक्समध्ये टाका. जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात.

मचवा_रत्नागिरी
पावसात इथे लाइटचा भरवसा नाही, नेटचं काय घेऊन बसलात.

चिवला_मालवण
मी मॅन्युअलं लिहूनच पोट भरतो, म्हणून सांगतो. गजाल अशी, की वर्डची फाईल आतून झिप केलेलं एक्सएमएल असते. गिटला ती नुसती बायनरी दिसते, म्हणजे आतला मजकूर वाचता न येणारा गठ्ठा. जुनी प्रत परत मिळेल, पण ४५ चा टॉर्क कोणी ५४ केला हे उघड दिसणार नाही. आणि तुम्हाला तर तेच दिसायला हवं!

पॅनडॉक या फाईलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांचा साधा मजकूर, करून घ्या आणि एका ओळीत एकच वाक्य ठेवा. गिट ओळीगणिक तुलना करतं, जुनी ओळ लाल, नवी हिरवी. अख्खा परिच्छेद एका ओळीत असला तर एक अनुस्वार बदलला तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो. किचकट तक्ते पॅनडॉक बिघडवतो, त्यामुळे भागांच्या याद्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरात. कमिटला, म्हणजे बदल नोंदवायला, नेट लागत नाही, इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो. पुश, म्हणजे नोंदी सर्व्हरवर चढवणं, लाइट आल्यावर.

छापताना गिटमध्ये त्या आवृत्तीला टॅग, म्हणजे नाव, द्या आणि तोच टॅग पानाच्या तळाशी छापा. इंजिनरूममधल्या तेलकट कागदावर आवृत्ती वाचता आली नाही, तर बाकी खटाटोप कशाला?

फायलींची नावं देवनागरीत असतील तर गिट भलतेच आकडे दाखवतं. कोट-पाथ ही सेटिंग बंद करा.

सडा_राजापूर
दादा वर्ड सोडणार नसतील तर सबव्हर्जन या गिटसारख्याच सॉफ्टवेअरचं लॉक बघा. एकाने फाईल घेतली की बाकीच्यांना ती फक्त वाचता येते. सर्व्हर ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर बसतो.

मचवा_रत्नागिरी
दादा सोडणार नाहीत हे खरंच. तरी गिअरबॉक्सची फाईल मार्कडाउन करून त्यांना लाल-हिरवं दाखवतो. इंजिनाचे फोटो कुठे ठेवू?

चिवला_मालवण
बारीक करून त्याच फोल्डरात. व्हिडिओ मात्र बाहेर. गिटहब, म्हणजे गिटच्या फायली ठेवायची वेबसाइट, १०० एमबीवरची फाईल घेत नाही.